पट्टीचा आकडा, यंत्राचा आकडा आणि तुमची चाळिशी

एका वाचकाने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६, राहायला डोंबिवली, फोर्टमधल्या ऑफिसात हिशेबाचं काम. लांबचा नंबर नाही. जवळचं पाहण्याची डोळ्यांची ताकद (ती डायॉप्टर या एककात मोजतात) एका ठिकाणी पट्टीवरून बारीक अक्षरं डोळ्यांजवळ आणत तपासली आणि सांगितलं, ‘साडेतीन डायॉप्टर, वयाच्या मानाने ठीक.’ दुसऱ्या ठिकाणी मोठ्या यंत्रावर फक्त सव्वा डायॉप्टर निघालं. ‘तुमचे डोळे वयापेक्षा म्हातारे झालेत’ असं ऐकवलं आणि वाचायला +२.०० चा चष्मा लिहून दिला. तो लावला की ऑफिसातला कॉम्प्युटर अंधुक होतो. मग खरं कोणाचं? आणि ताकद सव्वाच उरली असेल तर खिडकीशी बसून पेपर अजून चष्म्याशिवाय कसा वाचता येतो? शेवटी आठवीतल्या मुलीचीही अशी तपासणी करावी का, असं विचारलं आहे.

आधी उत्तर देतो, मग कारणं. माझ्या मते तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. गोंधळ झाला तो यंत्राचा आकडा पट्टीच्या हिशेबात घातल्यामुळे. तुमचे डोळे वयापेक्षा म्हातारे झालेले नाहीत, आणि +२.०० तुम्हाला आज जास्त आहे.

जवळचं पाहताना डोळ्यातला सिलिअरी स्नायू आकसतो, भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात आणि भिंग फुगीर होतं. ही ताकद भिंगात आहे, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागात नाही, हे थॉमस यंगने १८०१ मध्ये स्वतःचा डोळा पाण्यात बुडवून दाखवलं. स्नायू आणि तंतूंचा खेळ १८५५ मध्ये हेल्महोल्ट्झने मांडला. वयाबरोबर भिंग ताठर होत जातं. स्नायू काम करत राहतो, पण भिंग त्याचं ऐकेनासं होतं. यालाच आपण चाळिशी म्हणतो. शास्त्रात या फुगण्याला समायोजन म्हणतात आणि ते डायॉप्टरमध्ये मोजतात. एक मीटरवर पाहायला १, अर्ध्या मीटरवर २, ४० सेंटिमीटरवर २.५. म्हणजे १०० ला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागायचं, इतकंच.

आता पट्टी. तिला आरएएफ रूल म्हणतात आणि मुंबईत बऱ्याच ऑप्टोमेट्रिस्टकडे ती असते. तिच्यावर एक छोटा ठोकळा सरकतो, त्यावर बारीक अक्षरं असतात. तो हळूहळू जवळ आणायचा आणि अक्षरं धूसर झाली की पेशंटने ‘आता’ म्हणायचं. तुम्ही साधारण २८ सेंटिमीटरवर ‘आता’ म्हणालात, म्हणून १०० भागिले २८, साडेतीन. इथे मापायचं साधन आहे तुमचं स्वतःचं उत्तर, म्हणून ही पद्धत व्यक्तिनिष्ठ.

हा आकडा भिंगाच्या खऱ्या फुगण्यापेक्षा नेहमीच मोठा येतो, आणि त्याची कारणं एकावर एक रचली जातात. पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे डेप्थ ऑफ फोकस. प्रतिमा डोळ्यातल्या पडद्यावर तंतोतंत पडली नाही तरी थोड्या चुकीपर्यंत आपल्याला धूसरपणा जाणवतच नाही. ही सवलत साधारण अर्ध्या डायॉप्टरच्या घरात असते आणि बाहुली लहान झाली की वाढते. जवळ पाहताना बाहुली आपोआप लहान होते, तपासणीच्या खोलीत दिवा प्रखर असला तर आणखी लहान. दुसरं, अक्षरं जवळ येताना डोळ्याला मोठी दिसू लागतात, आणि मोठं अक्षर धूसर असूनही वाचता येतं. तिसरं, धूसर झाल्यापासून तोंडातून ‘आता’ निघेपर्यंत वेळ जातो, तोवर ठोकळा पुढे सरकलेला असतो. चौथं, धूसर म्हणजे किती धूसर, हे प्रत्येकाचं वेगळं. वर्षानुवर्षं आकड्यांच्या रांगा तपासणारा हिशेबनीस किंचित फरकावर थांबवतो. दुसरा कोणी अक्षर अजिबात ओळखू येईना तेव्हाच बोलतो.

अंतर उलटं करून डायॉप्टर काढतो, त्यामुळे तुमच्या वयात सेंटिमीटरची चूक फारशी बोचत नाही. २८ च्या ऐवजी २९ वर थांबलात तर ३.५७ चं ३.४५ होतं. लहान मुलांत मात्र ती फार महागात पडते. ८ सेंटिमीटरवर साडेबारा डायॉप्टर आणि ९ वर ११.१. बोटभर फरकात जवळपास दीड डायॉप्टर. पट्टीचा शून्य नेमका कुठे टेकला, गालावर की कपाळावर, एवढ्यानेही मुलाचा आकडा हलतो.

पट्टीचीच एक बहीण म्हणजे मायनस भिंगांची पद्धत. अक्षरं ४० सेंटिमीटरवर स्थिर ठेवायची आणि डोळ्यासमोर मायनस भिंगं वाढवत न्यायची. इथे अक्षरं मोठी होत नाहीत, उलट थोडी लहान दिसतात, म्हणून आकडा पट्टीपेक्षा कमी येतो. पण उत्तर इथेही पेशंटचंच, आणि डेप्थ ऑफ फोकसची सवलत इथेही मिसळलेली. व्यक्तिनिष्ठ पद्धतींचं एकमेकींशीही जुळत नाही, हे ध्यानात घ्या. मग यंत्राशी कुठून जुळणार?

यंत्राला तुमच्या उत्तराशी काही घेणंदेणं नाही. ते डोळ्यात अवरक्त प्रकाश टाकतं, पडद्यावरून परत येणारा प्रकाश पकडतं आणि त्या क्षणी डोळ्याचा नंबर किती आहे ते सांगतं. लांब पाहताना शून्य आणि जवळ पाहताना −१.२५ आलं, तर डोळ्याने सव्वा डायॉप्टर ताकद खरोखर लावली. हीच गोष्ट हातातल्या रेटिनोस्कोपने, पेशंटला जवळचं वाचायला लावून, बाहुलीतल्या प्रकाशाची सावली बघत करता येते. ज्याचा हात बसला आहे त्याची रेटिनोस्कोपी मी आजही कुठल्याही यंत्राइतकी मानतो.

पण ‘यंत्राने सांगितलं’ म्हणजे अंतिम सत्य, असंही समजू नका. चष्म्याच्या दुकानांत ज्यावर ‘कॉम्प्युटरने’ नंबर काढतात, ज्यात दूरवर फुगा किंवा घर दिसतं, ते यंत्र बंद नळीचं असतं आणि डोळा शिथिल राहावा या हेतूनेच बनवलेलं असतं. त्यावर समायोजनाची ताकद मोजता येत नाही. त्यासाठी समोरचं मोकळं दिसणारं यंत्र लागतं, ज्यातून खऱ्या अंतरावरचं खरं अक्षर दोन्ही डोळ्यांनी बघता येतं. तुमची तपासणी तशाच यंत्रावर झाली असावी, कारण बंद नळीच्या यंत्रावर असा सव्वाचा आकडा निघण्याचं काही कारण नाही. तरी विचारून खात्री करा. शिवाय बाहुली दोन-अडीच मिलिमीटरहून लहान झाली तर यंत्राला वाचन मिळत नाही, आणि चाळिशीनंतर जवळ पाहताना नेमकं तेच घडतं.

माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की डोळ्याने किती ताकद लावली हेच यंत्र सांगतं. किती लावता आली असती ते सांगत नाही. पेशंट कंटाळला असेल, अक्षराकडे नुसता बघत असेल, वाचत नसेल, तर आकडा खाली येतो. धूसर दिसायला लागल्यावरही मागणी वाढवत नेली तर बरेच डोळे आणखी थोडी ताकद काढतात आणि मग सोडून देतात. म्हणून एकाच अंतरावर एकदाच मोजून थांबलेल्या यंत्राच्या आकड्याला मी कमाल ताकद म्हणत नाही. अक्षर टप्प्याटप्प्याने जवळ आणत, प्रत्येक वेळी मोठ्याने वाचायला लावून, प्रतिसाद चढतो आणि मग पडतो तिथपर्यंत नोंदवायला हवं. रांगेत पेशंट खोळंबलेले असतात, पण ही तपासणी घाईत करायची नसते.

आता तुमच्या वयाचं. ‘वयाच्या मानाने’ हे शब्द ज्या कोष्टकांवरून येतात ती सगळी व्यक्तिनिष्ठ मापांवर उभी आहेत. डॉन्डर्सने १८६४ मध्ये मांडलेली मापं, डुएनची १९१२ ची, आणि त्यांवरून हॉफस्टेटरने १९५० मध्ये काढलेली सूत्रं आम्ही आजही रोज वापरतो. सरासरीसाठी १८.५ मधून वयाचा ०.३ पट वजा करायचा, किमान अपेक्षेसाठी १५ मधून ०.२५ पट. ४६ ला सरासरी ४.७ आणि किमान ३.५. तुमचा पट्टीचा आकडा ३.५, म्हणजे अपेक्षेच्या खालच्या काठावर, पण आत. दुसऱ्या ठिकाणी बहुधा याच कोष्टकासमोर यंत्राचं सव्वा ठेवलं आणि म्हातारपण जाहीर केलं. यंत्राने मोजलं तर ४६ ला एखाददुसरा डायॉप्टर मिळणं हेच नेहमीचं आहे. पन्नाशीच्या थोडं पुढे गेलं की यंत्र जवळपास शून्य दाखवतं, आणि त्याच माणसाचा पट्टीवर अजून डायॉप्टर-दीड डायॉप्टर निघतो. तो उरलेला डायॉप्टर जवळजवळ सगळा डेप्थ ऑफ फोकसचा. लहान मुलांतही पट्टी १२ ते १४ दाखवते आणि यंत्र सातच्या आसपास थांबतं.

मग पेपर कसा वाचता येतो? ४० सेंटिमीटरवर अडीच डायॉप्टर लागतात. सव्वा भिंगाने दिले. अर्धा-पाऊण खिडकीच्या उजेडाने लहान झालेल्या बाहुलीने दिला. उरलेली अर्ध्या-पाऊण डायॉप्टरची तूट धूसरपणाच्या रूपात असतेच, पण पेपरचं अक्षर तुमच्या नजरेच्या टोकाचं बारीक नसतं, म्हणून मेंदू ती चालवून घेतो. पावसाळ्यात दुपारी आभाळ भरून आलं की तोच पेपर हातभर लांब जातो, तो यामुळेच. आणि संध्याकाळी गर्दीच्या लोकलमध्ये मोबाइल वाचता येत नाही, कारण तिथे हात लांब करायला जागाच नसते. फोन २५ सेंटिमीटरवर येतो आणि मागणी चारवर जाते. डोंबिवली-सीएसएमटी करणारे माझे किती पेशंट ‘गाडीत त्रास होतो, घरी होत नाही’ अशी तक्रार घेऊन येतात. तक्रार अगदी खरी असते आणि तिचं कारण या हिशेबात आहे.

आता +२.०० कडे येऊ. वाचनाचा नंबर काढायला आमचा एक जुना नियम आहे: कामाच्या अंतराला जेवढी ताकद लागते तिच्यातून स्वतःच्या ताकदीतली निम्मी वजा करायची, म्हणजे निम्मी शिल्लक राहते आणि डोळा थकत नाही. तुमच्यासाठी अडीच वजा पावणेदोन, म्हणजे +०.७५. हा नियमही पट्टीच्या आकड्यांवरच बेतलेला आहे. त्यात यंत्राचं सव्वा घातलं तर निम्मं सहा दशांश, आणि उत्तर +१.९०, म्हणजेच +२.००. तुम्हाला लिहून दिलेला नंबर असाच आला असावा, असा माझा अंदाज आहे.

त्याचा परिणाम तुम्ही रोज भोगताय. +२.०० लावला की डोळा पूर्ण शिथिल असतानाही ५० सेंटिमीटरपलीकडचं स्पष्ट दिसत नाही. डेप्थ ऑफ फोकसची सवलत धरली तरी फार तर ६०-६५ पर्यंत. ऑफिसचा मॉनिटर साधारण तेवढ्याच किंवा जास्त अंतरावर असतो. +१.०० लावलात तर स्पष्ट दिसण्याची हद्द एक मीटरपर्यंत जाते, आणि जवळ पट्टीच्या हिशेबाने २२ सेंटिमीटरपर्यंत वाचता येतं. वही, मॉनिटर आणि गाडीतला मोबाइल, तिन्ही त्यात बसतात. मी तुम्हाला समोर बसवलं तर +१.०० पासून सुरुवात करेन, आणि तुमचा स्वतःचा मोबाइल, तुमच्या स्वतःच्या हिशेबाचा कागद हातात देऊन पाव डायॉप्टर इकडे-तिकडे करून बघेन. चष्म्याच्या बाबतीत शेवटचा शब्द पेशंटचा, हे मी ठामपणे मानतो. चष्मा माणसाला वाचता यावं म्हणून असतो, भिंग किती फुगतं त्याचा दाखला म्हणून नव्हे.

मग वस्तुनिष्ठ मापन, म्हणजे पेशंटच्या उत्तरावर न टेकणारं यंत्राचं किंवा रेटिनोस्कोपचं माप, हवंच कशाला? दोन जागी ते नसेल तर मोठी फसगत होते.

पहिली जागा दाव्यांची. ‘चाळिशी जाते’ असं म्हणणारा कोणताही उपाय, शस्त्रक्रिया असो, मोतीबिंदूनंतर बसवायचं खास भिंग असो, डोळ्यांचे व्यायाम असोत की थेंब, फक्त ‘आधीपेक्षा बारीक अक्षर वाचता आलं’ एवढ्यावर सिद्ध होत नाही. पिलोकार्पिनचे थेंब घ्या. १.२५ टक्क्यांच्या थेंबांना अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्ये चाळिशीसाठी परवानगी दिली. ते मुख्यतः बाहुली लहान करतात, त्यामुळे डेप्थ ऑफ फोकस वाढते आणि काही तास जवळचं बरं दिसतं. उपयोग खरा आहे. पण भिंग होतं तेवढंच ताठर राहतं. पट्टीवर तपासलं तर ‘समायोजन परत आलं’ असं दिसेल, यंत्रावर कळेल की तसं काही झालेलं नाही. आपल्याकडे २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अशाच थेंबांची परवानगी औषध नियंत्रकांनी स्थगित केली, कारण जाहिरातीतले दावे मंजुरीच्या पुढे गेले होते. ‘चष्मा सुटणार’ हे ऐकून त्या दिवसांत किती माणसं आशेने विचारत होती! त्यांना फरक समजावून सांगणं हे आमचं काम आहे, आणि तो दाखवायला वस्तुनिष्ठ मापाशिवाय दुसरं साधन नाही.

दुसरी जागा मुलांची, आणि ही मला सगळ्यात जवळची वाटते. मूल डॉक्टरांना खूश करायला ‘दिसतंय’ म्हणतं, किंवा घाबरून लगेच ‘नाही’ म्हणतं. ज्यांना प्रश्नच विचारता येत नाही अशी मुलं तर पट्टीच्या पद्धतीत अदृश्यच होतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांबद्दल कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी रेटिनोस्कोपने तपासून दाखवून दिलं, की यातली बहुसंख्य मुलं जवळ पाहताना पुरेसं समायोजन करतच नाहीत. वर्षानुवर्षं त्यांचं वहीकडे लक्ष न लागणं स्वभावावर किंवा बुद्धीवर ढकललं जात होतं, आणि त्यांना समोरचं पान अंधुक दिसत होतं. बायफोकल दिल्यावर यातल्या अनेक मुलांना जवळचं नीट दिसू लागतं. त्यासाठी मोठं यंत्रही लागत नाही. एक रेटिनोस्कोप, एक चित्राचं कार्ड आणि मुलाच्या कलाने घेणारा तपासनीस पुरतो. मुंबईतल्या विशेष शाळांतल्या प्रत्येक मुलाची ही तपासणी व्हावी असं मला मनापासून वाटतं. ओळखीत असं मूल असेल तर पालकांना हे जरूर सांगा.

तुमच्या मुलीचं. तिला लांबचं नीट दिसत असेल, अभ्यास करताना डोकं दुखत नसेल, वहीवरून फळ्याकडे बघताना नजर स्थिरायला वेळ लागत नसेल, तर फक्त नेहमीची वार्षिक तपासणी पुरे. यातलं काही होत असेल तर नुसत्या पट्टीवर समाधान मानू नका. ती नेहमी जिथे वही धरते त्या अंतरावर वाचत असताना रेटिनोस्कोपने तिचं समायोजन किती मागे पडतंय ते बघायला सांगा. पाव ते पाऊण डायॉप्टर मागे असणं स्वाभाविक आहे. एक डायॉप्टरच्या वर गेलं तर नीट शोध घ्यावा. उलट समायोजन मागणीच्या पुढे जात असेल तर स्नायू अडकून बसल्याची शंका घ्यावी लागते. अशा मुलांना कॉम्प्युटरवर तपासलं की मायनस नंबर निघतो, जो खरा नसतो, आणि तसा चष्मा दिला तर त्रास वाढतो. म्हणून पहिल्यांदाच मायनस नंबर निघाला तर नेत्रतज्ज्ञांकडून थेंब घालून, स्नायू सैल करून पुन्हा तपासल्याशिवाय चष्मा करू नका. थेंबांनंतर, त्यांच्या प्रकारानुसार काही तास ते काही दिवस, जवळचं अंधुक दिसतं आणि उजेड टोचतो, तेव्हा लगेच पुढे परीक्षा नसेल असा दिवस निवडा.

तुमच्यासाठी आता काय करायचं ते सांगतो. घरी आणि ऑफिसात टेप घेऊन वही, मॉनिटर आणि फोनचं डोळ्यापासूनचं अंतर मोजा आणि लिहून न्या. आधी लांबचा नंबर काळजीपूर्वक काढायला सांगा. ४६ ला अर्धा-पाऊण प्लस नंबर लपलेला सापडणं अगदी नेहमीचं आहे, आणि तो सापडला तर पट्टीचा आकडाही बदलतो, वाचनाचा हिशेबही. मग पट्टीवर एकेका डोळ्याने मोजू द्या. दोन डोळ्यांत डायॉप्टरहून अधिक फरक निघाला, किंवा जवळचं दिसणं काही आठवड्यांत एकदम खालावलं असेल, तर चष्म्याचा विषय बाजूला ठेवून नेत्रतज्ज्ञांना दाखवा. साखर तपासून घ्या आणि सध्या कोणती औषधं चालू आहेत तेही सांगा, कारण काही औषधांनीही समायोजन कमी होतं. रिपोर्टवर दोन्ही आकड्यांपुढे कोणत्या पद्धतीने मोजलं ते लिहून मागा.